माळावरचे पक्षी: नवख्या निरीक्षकासाठी पहिल्या वर्षाची वाट

पक्षी बघायला सुरुवात करणारा माणूस बहुतेक वेळा पाणथळीकडे वळतो, नाहीतर जंगलाकडे. भिगवणचे रोहित आणि सह्याद्रीतले धनेश सगळ्यांना माहीत असतात. माळ मात्र गाडीच्या खिडकीतून मागे पडत जातो. पुण्याहून सोलापूरकडे जाताना, बारामती-इंदापूर-करमाळ्याच्या पट्ट्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात कर्जतच्या बाजूला, विदर्भात वाशीम-अकोल्याकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडी, दगडगोट्यांची, पिवळ्या गवताची जमीन दिसते. सरकारी नकाशात तिची गणना ‘पडीक’ जमिनीत होते. या ‘पडीक’ जमिनीवर असे कितीतरी पक्षी राहतात ज्यांना दाट झाडीत जगताच येत नाही. आज महाराष्ट्रात फार मोठ्या धोक्यात आहेत ते हेच पक्षी.

हा लेख ज्यांनी अजून दुर्बीणही घेतलेली नाही त्यांच्यासाठी आहे. सांगायचे आहे ते एवढेच: घराजवळचा एक माळ धरा, वर्षभर त्याच माळावर जात राहा आणि जे दिसेल ते लिहून ठेवा. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन यादी मोठी होते. पण माळ कळायला आणि पुढे कधी तो वाचवायची वेळ आली तर हातात काही असायला, एकाच जागेच्या नोंदी लागतात.

माळ शोधणे

घरापासून तासाभरात पोचता येईल अशी जागा हवी. लांबची जागा कितीही चांगली असली तरी तिथे जाणे होत नाही. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा. शेतांचे चौकोन ओळखू येतात. त्यांच्यामध्ये कुठेतरी बेढब आकाराचा, फिकट तपकिरी पट्टा दिसेल, त्यावर झाडांचे तुरळक, विस्कटलेले ठिपके असतील. तो माळ. ठिपके सरळ रांगेत आणि सारख्या अंतरावर दिसले तर ती वृक्षलागवड समजा. जवळ पाझर तलाव किंवा बंधारा असेल तर उत्तमच, कारण उन्हाळ्यात पक्षी पाण्यावर येतात.

मग प्रत्यक्ष गावात जा. गायरान कुठे आहे, वनविभागाची हद्द कुठून सुरू होते, देवस्थानची जमीन कोणती, खाजगी पड कोणाची, हे पारावर बसलेल्या चार माणसांना विचारले की कळते. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारूनच पाऊल टाका. वनविभागाच्या जमिनीवर जायचे तर त्या भागाच्या वनरक्षकाला भेटा, आपण कोण आणि कशासाठी येतो ते सांगा. दुर्बीण गळ्यात अडकवून अनोळखी माणूस माळावर फिरताना दिसला की गावाला शंका येणारच, आणि ती रास्त आहे.

मेंढरांमागे असलेल्या धनगराशी ओळख करून घ्या. “राम राम मामा, इकडं जमिनीवर अंडी घालणारी पाखरं कुठं दिसतात?” एवढा एक प्रश्न पुरे. लांडगा कुठून येतो, खोकडाची (माळावरच्या लहान कोल्ह्याची) बिळे कुठे आहेत, पखुर्ड्या (जमिनीवर राहणारे, कबुतरासारखे पक्षी) कोणत्या पाण्यावर उतरतात, हे त्यांच्याइतके बारकाईने दुसरे कोणी सांगू शकत नाही. त्यांचा दिवसच तिथे जातो.

माळ चांगला की वाईट हे गवताच्या उंचीवरून बघा. धाविक आणि माळटिटवी (दोघांची ओळख पुढे येईल) यांना जवळपास उघडी जमीन लागते, खुरटे किंवा चरून झालेले गवत आणि मध्ये मध्ये दगड. चंडोलांना घोट्यापर्यंतचे गवत चालते. लाव्हे, तणमोर (माळढोकाचा लहान भाऊबंद) आणि रात्री मुक्कामाला उतरणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) यांना मांडीइतके उंच, दाट गवत हवे. म्हणून जिथे या तिन्ही प्रकारचे तुकडे शेजारी शेजारी आहेत तो माळ श्रीमंत. बेताची चराई अशी सरमिसळ टिकवून ठेवते. चराई पूर्ण बंद केली की माळ आपोआप सुधारतो असे समजू नका. अतिचराईने तो उजाड होतो हे जितके खरे, तितकेच गुरे-मेंढरे अजिबात न आल्याने सगळीकडे एकाच उंचीचे गवत माजते आणि उघड्या जमिनीचे पक्षी निघून जातात, हेही खरे.

गवतांची दोन-चार नावे शिका. कुसळी, मारवेल, पवना, शेडा. कुसळी तर पहिल्याच दिवशी मोज्यात शिरून ओळख करून देते. तिच्या बीला सुईसारखे टोक असते आणि मागे लांब, पीळ पडलेली शेपटी. एक बी तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटू लागतो आणि बी गोल फिरते. पावसात ती याच फिरण्याने स्वतःला जमिनीत रोवून घेते.

सुरुवातीला एखाद्या संरक्षित जागी जाणकारासोबत जाऊन आलात तर डोळा लवकर तयार होतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे, पण चिंकारा आणि माळाचे बरेच पक्षी तिथे भेटतात. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, विदर्भात कारंजा-सोहोळ. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला ‘ग्रासलँड सफारी’ सुरू केली आहे. तिचे आरक्षण ऑनलाइन होते आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक मिळतो. एकदा तिथे जाऊन या आणि मग आपल्या माळावर परत या.

कधी जायचे

माळावर सकाळ लवकर संपते. सूर्य उगवायच्या आधी पोचा. उन्हाळ्यात नऊ वाजले की जमिनीवरून गरम हवा उठायला लागते आणि दुर्बिणीतले दूरचे चित्र पाण्यात पाहिल्यासारखे हलते. मग कितीही भारी दुर्बीण असली तरी पिसांचा रंग कळत नाही. संध्याकाळी चारनंतर पुन्हा दीड-दोन तास चांगले मिळतात.

वर्षाचे तीन तुकडे धरा.

मार्च ते जून हा जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा काळ. माळटिटवी, धाविक, पखुर्डी, चंडोल यांची वीण याच दिवसांत बहरात असते. म्हणून याच दिवसांत आपण कमीत कमी चालायचे, पायवाट सोडायची नाही. पाण्याजवळ सावलीत बसून राहा. तांबूस पोटाच्या पखुर्ड्या सकाळी ऊन वर आल्यावर थव्याने पाण्यावर येतात. उडताना त्यांचा घशातून येणारा आवाज आधी कानावर पडतो. पिल्ले असतील तर नर पाण्यात पोट बुडवून बसतो आणि पिसांत भिजवलेले पाणी पिल्लांपर्यंत घेऊन जातो. रंगीत पखुर्डी मात्र दिवस मावळताना, अंधार पडता पडता पाण्यावर येते. एकाच पाण्यावर दोघींच्या वेळा अशा वेगळ्या असतात.

पावसाळा नवखे टाळतात. टाळू नका. माळ हिरवा होतो, लाव्हे बोलू लागतात, वटवट्ये गवताच्या काडीवर बसून एकसारखे ओरडतात. वाशीम-अकोल्याकडच्या गवताळ भागात तणमोर वीण करतात ते याच दिवसांत. नर उंच गवतातून सरळ वर उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. तणमोर आता अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे, म्हणून त्याच्या शोधात गवत तुडवत फिरणे पूर्णपणे वर्ज्य.

ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाहुणे येतात. भोवत्या, रणगोजा, काळ्या डोक्याचा भारीट. ज्वारी निसवली की भोरड्यांचे (साळुंकीच्या कुळातल्या गुलाबी-काळ्या पक्ष्यांचे) थवे येतात. सोलापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही, कणसे राखताना त्याने गोफण चालवलेली असते. याच भोरड्या नाकतोडे आणि टोळही फस्त करतात.

काय न्यायचे

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे ४२ मिलिमीटरची. १० पट मोठे दाखवणारी मोहात पाडते, पण हात हलला की चित्रही तेवढेच हलते आणि दिसणारा भाग लहान होतो. माळावर उडता पक्षी पटकन दुर्बिणीत पकडायचा असतो, त्याला रुंद चित्र लागते. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, घोटा झाकणारे बूट. फुरसे आणि घोणस माळावर असतातच, तेव्हा दगड उचलू नका आणि बसण्याआधी जागा बघा. पाणी दोन लिटर. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. शाईचे पेन नको, दवात पान ओले झाले की अक्षर फुटते.

कॅमेरा पहिले सहा महिने घरी ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. हातात कॅमेरा असला की माणूस पक्ष्याच्या जवळ जायला बघतो, आणि माळावरच्या पक्ष्याजवळ जाणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला उठवणे. दुर्बिणीने बघणारा थांबतो. थांबल्यावरच पक्षी काय करतो ते दिसते.

कसे बघायचे

माळावर पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे बसा. हे सगळ्यात महत्त्वाचे आणि सगळ्यात कमी पाळले जाणारे काम आहे. उभा माणूस उघड्या माळावर फार लांबून दिसतो. तुम्ही आलात तेव्हा आसपासचे पक्षी एकतर उडाले किंवा जमिनीला चिकटून दडले. तुम्ही बोरीच्या झुडपाआड किंवा बांधाला टेकून बसलात की थोड्या वेळाने जमीन हलायला लागते. जे ढेकूळ वाटले होते ते चार पावले चालते.

सूर्य पाठीशी ठेवा. नजर एकदम दूर टाकू नका. आधी दहा-पंधरा मीटरचा पट्टा डावीकडून उजवीकडे हळू बघा, मग त्यापुढचा. त्यानंतर उंच जागा बघा: दगडाचे टोक, बाभळीचा शेंडा, तारेचा खांब. शेवटी आभाळ. आणि कान सतत उघडे ठेवा. माळावरचे निम्मे पक्षी आधी ऐकू येतात, मग दिसतात.

पक्षी दिसला की लगेच पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये डोके घालू नका. तो समोर आहे तोवर बघून घ्या. चिमणीएवढा की होल्याएवढा? चालतो की उड्या मारतो? बसल्यावर शेपूट हलवतो का? डोळ्यावरून पट्टा गेला आहे का? उडाला तेव्हा शेपटीच्या कडेला पांढरे दिसले का? हे वहीत उतरवा, नाव नंतर शोधा. आवाजावरून पक्षी सुचवणारे मर्लिनसारखे ॲप हाताशी असले तर त्याचे उत्तर सूचना म्हणून घ्या. पक्षी स्वतः पाहिल्याशिवाय त्याची नोंद करू नका.

पहिल्या काही ओळखी

सुरुवात डोंबारी चंडोलापासून करा, कारण तो लपत नाही. नराचा माथा राखी, डोळ्यावरून काळा पट्टा आणि पोट सगळे काळे. मादी नुसती मातकट. नर तुमच्यासमोर जमिनीवरून उडून सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार असे वाटत असतानाच पुन्हा वर उसळी घेतो. चढणे-पडणे असे लाटेसारखे चालू राहते आणि सोबत एक लांब, बारीक होत जाणारी शीळ. शेवटी तो एखाद्या ढेकळावर उतरतो. हे एकदा पाहिले की माळ रिकामा आहे असे पुन्हा कधी वाटत नाही.

चंडोलांमध्येच साइक्सचा चंडोल शिका. डोक्यावर टोकदार तुरा, अंग तांबूस, छातीवर बारीक रेघा. तो फक्त भारतात सापडतो आणि दख्खनचे माळ हे त्याचे हक्काचे घर. मालाबार चंडोल त्याच्यासारखाच दिसतो, पण अंगाने जरा मोठा आणि त्याच्या छातीवरच्या रेघा ठळक. पहिल्या वर्षी दोघांत गोंधळ झाला तर वहीत ‘तुरेवाला चंडोल’ एवढेच लिहा. अर्धवट खात्रीने लिहिलेल्या नावापेक्षा ते बरे.

धाविक दिसला की दिवस सार्थकी लागतो. टिटवीपेक्षा लहान, उंच पांढुरक्या पायांचा. माथा आणि छाती विटकरी, डोळ्यामागून मानेपर्यंत काळी आणि पांढरी अशी दोन पट्ट्यांची जोडी. चावी दिलेल्या खेळण्यासारखा तो सरळ रेषेत धावतो, एकदम थांबतो, पुढे झुकून वाळवी किंवा भुंगेरा टिपतो आणि पुन्हा ताठ उभा राहतो. थांबल्यावर तो जमिनीत इतका मिसळतो की डोळे हलवले तर परत सापडत नाही. तो मार्च ते ऑगस्टमध्ये उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी घालतो. काडी-पाचोळ्याचे घरटे नसते. अंडी ढेकळांच्या रंगाची.

टिटव्या दोन आहेत. डोळ्यासमोर लाल कातडी असणारी पाण्याजवळची, सगळ्यांना माहीत असलेली. माळटिटवीच्या चोचीजवळ पिवळी लोंबती कातडी असते, पायही पिवळे आणि डोक्यावर काळी टोपी. आवाज जास्त बारीक. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर समजा की तिची अंडी किंवा पिल्ले जवळ आहेत, आणि आल्या वाटेने मागे फिरा.

भोवत्या ओळखणे सोपे असते: गवतावरून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर, पंख किंचित वर उचललेले, या कडेपासून त्या कडेपर्यंत संथ फेऱ्या मारणारा शिकारी पक्षी. नर फिकट राखाडी. मादी तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांच्या माद्या वेगळ्या करणे अनुभवी लोकांनाही जड जाते, त्यात अडकू नका. कापशी घार पांढरी, खांद्यावर काळी, डोळे लाल, आणि हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. खाटीक काटेरी फांदीवर बसतो आणि पकडलेला किडा कधी कधी काट्याला टोचून ठेवतो. गप्पीदास, तीरचिमणी, वेडा राघू, तित्तिर हे ओघाने येतील.

माळढोकाबद्दल स्पष्ट सांगायला हवे. सोलापूरजवळचा नान्नजचा माळ त्याच्यासाठी ओळखला गेला. सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर त्याचे क्षेत्र जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होते. गावे, शेते, बाजारपेठा सगळे त्यात आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोक मात्र हातच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, वजनदार अंगामुळे उडताना तिला चटकन वळता येत नाही आणि समोरची वीजवाहिनी तिला वेळेत दिसत नाही. देशभरात मिळूनही आज निसर्गात हे पक्षी जेमतेम दीडशे उरल्याचा अंदाज आहे. त्याला बघायचा हट्ट धरून निघू नका. नान्नजला जरूर जा, काळवीट बघा, चंडोल ऐका.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक फेरीला वहीत तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, चाललेले अंतर, हवा आणि गवताची उंची लिहा. मग पक्षी आणि त्यांची संख्या. ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, फक्त दुर्मीळ नाही. होला, कावळा, साळुंकी हेही. पूर्ण यादी असली तरच ‘त्या दिवशी धाविक दिसला नाही’ या गोष्टीलाही अर्थ येतो.

घरी आल्यावर हीच यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा. ते विनामूल्य आहे. तिथे ‘संपूर्ण यादी’ असा पर्याय असतो, तोच निवडा. संवेदनशील ठरवलेल्या काही पक्ष्यांच्या नेमक्या जागा ते इतरांपासून लपवून ठेवते. या नोंदी कुठे जातात? २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा देशव्यापी अहवाल निघाला तो ३० हजारांहून अधिक सामान्य पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. माळरान आणि उघड्या प्रदेशातल्या पक्ष्यांची घट फार मोठी आहे हे त्यातूनच पुढे आले. फेब्रुवारीत जगभर चार दिवसांची पक्षीगणना होते आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो: ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस. नवख्याला जाणकारांसोबत फिरायला या दोन्ही वेळा चांगल्या.

जे करायचे नाही

घरट्याचा फोटो काढायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात माळटिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला कमी आणि सावली द्यायला जास्त. पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती येत नाही आणि उघडी पडलेली अंडी तापत राहतात. तुमच्या वासाच्या मागावर कुत्रीही येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये अंडी-घरट्यांची नासधूस ‘शिकार’ याच व्याख्येत धरली आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही. गाडी वाटेवरून खाली उतरवायची नाही. गवतावरून गेलेल्या चाकाखाली काय होते ते चालवणाऱ्याला दिसत नाही. भोवत्ये रात्री जमिनीवर, उंच गवतात एकत्र झोपतात. त्यांची मुक्कामाची जागा सापडली तर अंधार पडायच्या आत, लांबूनच निघून या. ड्रोन उडवायचा नाही. आणि घरट्याची किंवा मुक्कामाची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही, ‘फक्त ग्रुपमध्ये’ सुद्धा नाही. एका सकाळी पाच-सहा गाड्यांनी एका खोकडाला घेरलेले मी पाहिले आहे. त्या सगळ्यांना जागा अशाच एका ग्रुपमधून कळली होती.

माळ राखायचा तर

माळाला सगळ्यात मोठा धोका चांगल्या हेतूने येतो. वृक्षारोपणाच्या मोहिमेत खड्डे घ्यायला मोकळी जागा लागते आणि ती माळावर सापडते. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली की तीन-चार वर्षांत उघडी जमीन सावलीत जाते, धाविक आणि चंडोल निघून जातात, शिकारी पक्ष्यांना टेहळणीला खांद्या मिळतात. वेडी बाभूळ तर कोणी न लावताही पसरते. ‘झाडे नकोत’ असे म्हणणे गावात अवघड जाते, मला मान्य आहे. म्हणून तसे म्हणूच नका. झाडे कुठे लावायची ते सांगा: गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी, बांधावर. हिवर, बोर, बाभूळ ही माळावर मुळातच तुरळक असतात, ती तशीच विरळ राहू द्या.

चाऱ्याच्या भाषेत बोला. गवत म्हणजे गुरांचे पोट, हे गावाला सांगावे लागत नाही. बी गळून पडल्यावर, दिवाळीनंतर गवत कापले, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा येते आणि विणीत अडथळाही येत नाही. उन्हाळ्यात बेफिकिरीने लागलेला वणवा मात्र अंडी-पिल्ले आणि चारा दोन्ही घेऊन जातो. वाशीम-अकोल्याच्या भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारधी समाजासोबत तणमोर आणि गवताळ जमिनी राखण्याचे काम करते. ज्यांना एके काळी फक्त शिकारी म्हणून हिणवले गेले त्यांचेच गवताचे आणि पाखरांचे ज्ञान तिथे कामी आले. तुमच्या गावातही असे जाणते लोक असणार, त्यांना सोबत घ्या.

गावात पोसलेली पण मोकाट फिरणारी कुत्री जमिनीवरच्या घरट्यांचे मोठे नुकसान करतात. माळावर सहलीचे उरलेले खाणे, मेलेली कोंबडी टाकणे बंद झाले तर त्यांचा तिकडचा वावर कमी होतो. हे काम ग्रामपंचायत लगेच करू शकते. फासे लावलेले दिसले, तित्तिर-लाव्ह्यांची विक्री दिसली, वणवा पेटला किंवा जखमी पक्षी सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फासे स्वतः काढत बसू नका. जागेचा फोटो घ्या आणि वनरक्षकाला बोलवा.

वर्षभराच्या नोंदी जमल्या की त्यांचे दोन पानी टिपण करा. कोणत्या महिन्यात कोणते पक्षी, कोणते माळावर वीण करतात, कोणत्या तुकड्यात, सोबत साधा हाताने काढलेला नकाशा. घरट्यांच्या नेमक्या जागा त्यात नकोत. जैवविविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही. समितीचे सदस्य कोण ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा आणि तुमचे टिपण त्या नोंदवहीत समाविष्ट करून घ्यायला अर्ज द्या. एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला द्या. पोच घ्यायला विसरू नका. उद्या त्याच गायरानावर लागवड, सौर प्रकल्प किंवा मुरूम उपशाचा प्रस्ताव आला तर ‘इथे काहीच नाही’ या वाक्यासमोर ठेवायला हीच पोच लागते.

प्रस्ताव आधीच मंजूर असेल तर तो पूर्ण थांबेलच असे नाही. अशा वेळी निदान सगळ्यात उघडा, दगडाळ तुकडा आणि उंच गवताचा एक पट्टा मोकळा ठेवा, वीजतार त्या तुकड्यावरून नेऊ नका आणि काम मार्च ते ऑगस्ट या विणीच्या दिवसांत करू नका, अशा तीन नेमक्या मागण्या लेखी द्या. मोघम विरोधापेक्षा नेमकी मागणी अधिकाऱ्याला मान्य करणे सोपे जाते. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. लागवडीबद्दलचा अर्ज असेल तर जानेवारीच्या सभेत द्या. १ मेची वाट बघितली तर उशीर होतो, कारण पावसाळ्याच्या लागवडीचे खड्डे तोवर घ्यायला सुरुवात झालेली असते.